२९ इंची हलका व्हीलसेट: चाकाचा आकार आणि वजन ह्यांनी नक्की काय बदलतं

बरेच दिवस डोक्यात होतं ते शेवटी केलं, ट्रेल बाईकला, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायच्या सायकलला, कंपनीकडून आलेली जड चाकं काढली आणि हलका २९ इंची व्हीलसेट (चाकांची जोडी) लावला. सोबत ट्यूबा काढून ट्यूबलेस केलं. आणि माझ्या फ्रेमला मागे फ्लिप चिप आहे, म्हणजे धातूचा एक छोटा तुकडा, तो उलटा फिरवून बसवला की मागे २७.५ चं चाक लावूनही बाईकची उंची आणि अँगल साधारण तेच राहतात, त्यामुळे पुढे २९ मागे २७.५ असंही भरपूर चालवून झालं. हा रिव्ह्यू ह्या सगळ्याचा मिळून आहे. नुसतं ‘चाकं हलकी आहेत, मस्त आहेत’ एवढं सांगून कुणाचा फायदा नाही, चाकाचा आकार काय करतो आणि वजन काय करतं हे दोन वेगळे विषय आहेत आणि लोक ते कायम एकात एक मिसळून टाकतात.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. अॅल्युमिनियमची रिम, आतून ३० मिमी रुंद, २८ स्पोक, बूस्ट (नेहमीपेक्षा रुंद) हब आणि जोडीचं वजन १७०० ते १८०० ग्रॅम, ह्या वर्गात बऱ्याच कंपन्यांची चाकं मिळतात आणि त्यांच्यातला खरा फरक असतो तो हबमध्ये, रिममध्ये फारसा नाही. म्हणजे खाली जे लिहितोय त्यातलं बहुतेक ह्या वर्गातल्या कुठल्याही चाकाला लागू पडेल.

आधी वजनाचा हिशोब, कारण सगळे तेच विचारतात. जुनी जोडी टायर, ट्यूब, डिस्क काहीही न लावता काट्यावर २२५० ग्रॅम भरली, नवी १७५०. सरळ अर्धा किलो कमी. पण हा अर्धा किलो चाकाच्या कुठल्या भागातून गेला ते बघायला हवं. दोन्ही रिम मिळून २८० ग्रॅम कमी झाले, बाकीचे २२० हब आणि स्पोकमधले. हब चाकाच्या मध्यावर असतो, तो फिरतो पण अगदी छोट्या वर्तुळात, त्यामुळे तिथलं वजन बाटलीतल्या पाण्यासारखं एकदाच मोजायचं, स्पोकचंही थोडंफार तसंच. रिम आणि टायरची गोष्ट वेगळी, त्यांना बाईकबरोबर पुढेही न्यायचं असतं आणि गोल फिरवायचंही असतं. वजन अगदी बाहेरच्या कडेला असेल तर त्याला वेग द्यायला दुप्पट ऊर्जा लागते. प्रत्यक्षात रिम टायरच्या आत बसलेली असते, म्हणून तिचा हिशोब साधारण १.७ पट धरा आणि टायर-ट्यूबचा १.९ च्या आसपास.

आता ट्यूबचं बघा. माझ्याकडची २९ ची जाड ट्यूब २३० ग्रॅमची होती. तिच्या जागी १०० मिली सीलंट (टायरची भोकं बुजवणारं द्रव), व्हॉल्व्ह आणि टेप मिळून १२० ग्रॅम आले. एका चाकामागे ११० आणि दोन्हींचे २२० ग्रॅम गेले, तेही सगळ्यात बाहेरच्या कडेचे. १.७ आणि १.९ चा हिशोब लावला तर फिरण्याच्या बाबतीत नव्या रिमांनी जेवढं केलं तेवढंच नुसत्या ट्यूब काढण्याने झालं, आणि ते जुन्याच चाकांवर, नव्या चाकांच्या मानाने किरकोळ खर्चात करता आलं असतं! तुमची रिम ट्यूबलेसला चालणारी असेल आणि आत अजून ट्यूब असेल तर हा रिव्ह्यू इथेच थांबवून आधी ते करून या, बाकीचं नंतर वाचा.

ह्याने चढ सोपा होतो का? मी, हेल्मेट-कपडे, पाणी, बाईक सगळं मिळून ९५ किलो धरलं, त्यातले एकूण ७२० ग्रॅम गेले. एकसारख्या वेगाने चढत असाल तर फिरणारं वजन आणि न फिरणारं वजन ह्यात काडीचा फरक नाही, कारण चाक एकदा त्या वेगाला आलं की त्याला पुन्हा वेग द्यावा लागत नाही, फक्त वर उचलावं लागतं. म्हणजे पाऊण टक्का. तासाभराच्या उभ्या चढात अर्ध्या मिनिटापेक्षा कमीच. वेग वाढवताना, म्हणजे वळणातून बाहेर पडून जोर लावताना, फिरण्याचा हिशोब धरून १.१ किलो कमी झाल्यासारखं होतं, तेही सव्वा टक्क्याच्या आतच. चाकातला एक ग्रॅम म्हणजे फ्रेममधले पाच ग्रॅम, दहा ग्रॅम, असलं जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते साफ चूक आहे, दुपटीच्या वर ते जाऊच शकत नाही. कुणी म्हणेल की खडकाळ चढावर प्रत्येक पॅडलला वेग कमी-जास्त होतो मग तिथे तरी हलक्या चाकाचा मोठा फायदा व्हायला हवा, पण जड चाक वेग घ्यायला जसं वेळ लावतं तसंच तो सोडायलाही लावतं, घेतलेलं बरंचसं परत देतं.

आणि ह्यातच अजून एक गैरसमज. मोठं चाक वेग घ्यायला आळशी असतं असं सगळे म्हणतात. मोठं असल्यामुळे नाही! व्यास वाढला की तेवढ्याच वेगाला ते कमी फेरे घेतं, आणि गणितात त्रिज्या कटून जाते. २९ चं चाक २७.५ पेक्षा हळू वेग घेतं ते रिम, टायर, स्पोक सगळंच थोडं थोडं जास्त लागतं म्हणून, म्हणजे वजनामुळे. शिवाय गिअर तोच ठेवला तर तो आपोआप सुमारे ५ टक्के जड होतो, कारण एका फेऱ्यात चाक जास्त अंतर कापतं. आळशीपणाचा बराचसा भाग ह्या गिअरचाच असतो. २७.५ वर पुढे ३२ दातांची चेनरिंग होती आणि २९ वरही ३२ च ठेवली तर पाय भरून येणारच, ३० ची लावा आणि मग बोला.

तर मग सेकंदांत एवढासा फरक आणि तरी पहिल्याच राइडला बाईक वेगळीच वाटते, हे कसं? हा मनाचा खेळ नाही. हे दोन ठिकाणाहून येतं आणि दोन्ही ठिकाणी वजनाचा हिशोब ९५ किलोशी करायचा नसतो.

पहिलं म्हणजे दिशा बदलणं. पुढचं चाक काढा, त्यात एक्सल (चाकाच्या मधला दांडा) घाला, एक्सलची दोन टोकं दोन हातांत धरा आणि कुणाला तरी चाक जोरात फिरवायला सांगा. आता ते डावीकडे कलवायला जा. चाक कलत नाही, भलत्याच दिशेला वळायला बघतं, मनगट पिरगळल्यासारखं होतं. हेच जुन्या जड चाकाने करा, मग नव्याने करा, आणि जमल्यास २७.५ च्या चाकाने करा, फरक हाताला इतका स्पष्ट कळतो की काट्याची गरजच नाही. ह्या विरोधाचं माप म्हणजे कडेचं वजन गुणिले त्रिज्या गुणिले बाईकचा वेग, आणि वेग घेण्याच्या गणितात कटून गेलेली त्रिज्या इथे मात्र ठाण मांडून बसलेली आहे. म्हणून मोठं आणि जड चाक एका वळणातून लगेच उलट्या वळणात टाकताना हट्ट करतं, आणि वेग जितका जास्त तितका हट्ट जास्त. झाडांमधून डावं-उजवं-डावं असं पटापट जाणारं सिंगलट्रॅक (एका सायकलपुरती अरुंद वाट) असेल तर हलक्या चाकांचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे झाला. आधी बाईक खांद्याने ढकलून कलवायला लागायची, आता नुसती कंबर वळवली की येते.

दुसरं सस्पेन्शन. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) खाली जे काही आहे, म्हणजे चाक, टायर, डिस्क, कॅलिपर आणि फोर्कचे खालचे पाय, ते सगळं प्रत्येक दगडाला वर-खाली होतं, आणि फोर्कला सांभाळायचं असतं ते एवढंच वजन. हे सगळं मिळून माझ्या बाईकवर तीन-सव्वातीन किलो आहे. पुढच्या बाजूचे जे साधारण तीनशे ग्रॅम गेले ते ह्यातले दहा टक्के झाले. बघा, पूर्ण वजनाच्या हिशोबात पाऊण टक्का आणि सस्पेन्शनच्या हिशोबात दहा टक्के! हलकं चाक दगडावर आपटून उडत नाही, लगेच खाली येऊन जमिनीला चिकटतं. उतारावर वळणाआधी सगळे ब्रेक मारतात तिथे जमिनीला जे छोटे छोटे उंचवटे पडलेले असतात त्यांच्यावर हे सगळ्यात चांगलं कळतं, जुन्या चाकांवर तिथे हँडल हातात थरथरायचं आणि ब्रेक सोडावासा वाटायचा, आता फोर्कचं प्रेशर तेच, टायरचं प्रेशर तेवढंच ठेवून सुद्धा टायर उंचवट्यांवरून नीट जातो आणि ब्रेक धरून ठेवता येतो. तिथे वेळ वाचतो, चढावर नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की हलकी चाकं उतारासाठी आणि वळणांसाठी घ्यायची. चढासाठी घेणार असाल तर तेवढे पैसे आणि तेवढी मेहनत दुसरीकडे लावा.

आता आकाराकडे येतो.

माउंटन बाईकमध्ये तीन मापं आली, २६, २७.५ आणि २९, पण हे इंच टायरसकट ढोबळ मानाने आहेत. रिमवर टायर जिथे बसतो तिथलं खरं माप २६ ला ५५९ मिमी, २७.५ ला ५८४ आणि २९ ला ६२२. म्हणजे २७.५ हे बरोबर मधलं माप नाहीच, ते २६ पासून २५ मिमी लांब आणि २९ पासून ३८ मिमी लांब आहे, २६ च्या जास्त जवळचं. आणि ६२२ हे रोड बाईकच्या ७०० सी रिमचंच माप, त्यात नवीन काही नव्हतं, अडलं होतं ते टायरपाशी, ह्या मापाला जाड आणि गुठळ्यांचा टायरच मिळत नव्हता. १९९९ मध्ये डब्ल्यूटीबी ह्या कंपनीने नॅनोरॅप्टर हा टायर काढला आणि मग २९ चालायला लागलं.

मोठ्या चाकाचा फायदा समजायला भूमितीचा एक छोटा हिशोब पुरतो. १० सेंमी उंचीचा उभ्या कडेचा दगड समोर आहे. २६ च्या चाकाची त्रिज्या टायरसकट ३३५ मिमी धरली आणि २९ ची ३७० मिमी, तर २६ चं चाक त्या दगडाच्या कडेला सुमारे साडेपंचेचाळीस अंशात भिडतं आणि २९ चं त्रेचाळीस अंशात, २७.५ दोघांच्या मध्ये कुठेतरी. जेमतेम अडीच अंश. तेवढीच उंची चढायला २६ ला २४ सेंमी अंतर मिळतं आणि २९ ला २५ सेंमीच्या थोडं वर. एका दगडाला हा फरक काहीच नाही, मान्य, पण पाच-सहा मिनिटांच्या खडकाळ उतारावर असे शेकडो दगड येतात आणि प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वेग वाचतो, शिवाय हात आणि पाय कमी थकतात ते वेगळंच. लहान मुलाची सायकल ज्या दगडाला अडून थांबते त्यावरून मोठ्या माणसाची सायकल आरामात जाते, हा फरक सगळ्यांनी पाहिलेला असतो.

एक जागा सांगतो म्हणजे नीट कळेल. चढावरच एक पायरी आहे, उघडं पडलेलं मूळ आणि त्याच्या मागे लगेच सपाट दगड, वेग चालण्यापेक्षा थोडासाच जास्त. पुढचं चाक उचलून वर ठेवता येतं, तो प्रश्नच नाही, अडतं ते मागचं. २७.५ मागे असताना मागचं चाक मुळाला भिडतं, क्षणभर सगळं थांबतं, तेवढ्यात पॅडल ज्या जागी असेल तिथून जोर काढायचा, आणि पॅडल वर उभं असेल तर पाय खाली ठेवावा लागतो. २९ मागे असताना भिडतं तेव्हाही धक्का बसतो पण थांबणं नाही, अडखळल्यासारखं होऊन वर येतं. वजनाचा ह्यात काही संबंध नाही, जुन्या जड २९ च्या चाकावरही ती पायरी अशीच चढायची. म्हणजे कुठल्या अडथळ्यावरून बाईक जाईल हे आकार ठरवतो, आणि तुम्ही तिला कुठे वळवू शकाल ते बऱ्याच अंशी वजन.

पकडीचंही थोडं सांगतो. टायरचं प्रेशर आणि वरचं वजन सारखं असेल तर जमिनीला टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ साधारण सारखंच राहतं, मोठ्या चाकात फक्त तो भाग लांबट होतो. लांबट भाग म्हणजे चढावर मागचं चाक सुटत नाही आणि ब्रेक मारताना पुढचं घसरत नाही. आणि मोठ्या चाकाचा एक्सल उंच जातो पण पॅडलचा मध्य जमिनीपासून तेवढाच ठेवतात, त्यामुळे आपण चाकांच्या वर बसल्यासारखे न वाटता मध्ये बसल्यासारखे वाटतो. उभ्या उतारावर जो धीर येतो तो बराचसा ह्यामुळे.

शर्यतींमध्ये हे सगळं कसं झालं ते बघणं फार मजेचं आहे. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या नीनो शुर्टरने दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारित्झबर्गची वर्ल्ड कप शर्यत २७.५ वर जिंकली आणि सगळे त्या मापाकडे वळून बघायला लागले. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकला चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुलहावी २९ वर आणि शुर्टर २७.५ वर, जवळपास दीड तासाच्या शर्यतीनंतर कुलहावी जिंकला तो अवघ्या १ सेकंदाने. एवढ्या वरच्या पातळीवर दोन मापांत १ सेकंद! त्यामुळे कुणी तुम्हाला सांगत असेल की अमुक माप संपलं, तमुकशिवाय पर्याय नाही, तर हा निकाल लक्षात ठेवा. डाउनहिलवाले (फक्त उताराच्या शर्यती करणारे) मात्र बरीच वर्षं २९ ला हात लावत नव्हते, एवढं मोठं चाक आणि एवढा सस्पेन्शन ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबण्याचं अंतर) एका फ्रेममध्ये कसा बसवायचा हा प्रश्न होता. २०१७ मध्ये ग्रेग मिनारने स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमला २९ वर वर्ल्ड कप शर्यत जिंकली आणि ती शंका मिटली. मग यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, पुढे-मागे वेगळ्या मापाची चाकं चालतील असा नियम केला आणि २०१९ ला लॉइक ब्रुनीने पुढे २९ मागे २७.५ लावून वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली.

२९ चे तोटे आहेत आणि ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मोठ्या चाकाचे स्पोक लांब असतात, त्यामुळे बाजूने जोर आला की चाक जास्त लवतं. बूस्ट हब आले ते मुख्यतः ह्यासाठीच, हबच्या दोन्ही कडा लांब नेल्या म्हणजे स्पोक जास्त तिरके होतात आणि चाक ताठ राहतं. म्हणून २९ साठी फार हलकी रिम आणि त्यात कमी स्पोक असं कॉम्बिनेशन कुणी देत असेल आणि तुमचं वजन जास्त असेल तर घेऊ नका, वळणात रिम एका बाजूला झुकलेली पायांना कळते, टायर कुठे जाईल त्याचा भरवसा राहत नाही. दुसरं, तेवढ्याच डिस्कवर २९ ला ब्रेकचा जोर थोडा कमी पडतो कारण डिस्क तीच आणि चाक मोठं. मागे १६० ची डिस्क असेल तर १८० करून घ्या, काही ग्रॅम वाढतील पण ते मध्यावरचे ग्रॅम आहेत, त्यांचं काही वाटून घेऊ नका. तिसरं म्हणजे चेनस्टे (पॅडलच्या मध्यापासून मागच्या चाकापर्यंतचा फ्रेमचा भाग), मोठं चाक बसवायचं तर मागचा भाग लांब करावा लागतो, मग पुढचं चाक उचलायला जास्त ओढावं लागतं.

आणि उंची. ह्यावर जास्त बोललं जात नाही आणि बोलायला हवं. माझी बहीण ५ फूट २ इंच आहे, तिच्या बाईकला ट्रॅव्हल चांगला १५० मिमी आणि दोन्ही चाकं २९ होती. उभ्या उतारावर ती मागे सरकली की मागचा टायर मागून घासायचा, त्यामुळे ती मागे जायचीच नाही, आणि मागे न गेल्यामुळे उतार भीतीदायक व्हायचा, हे चक्र. मागे २७.५ लावल्यावर तिला हक्काची दोन सेंमीच्या आसपास जागा मिळाली. ऐकायला दोन सेंमी म्हणजे काहीच नाही पण ती ज्या उतारांवरून चालत उतरायची तिथून आता बसून जाते. कमी उंचीच्या लोकांना दुकानात ‘सवय होईल’ असं सांगतात ना, ते ऐकू नका. शरीर आणि टायर ह्यांच्यात जागाच नसेल तर सवय कसली होणार?

माझ्यासाठी म्हणाल तर हे मिश्र सेटिंग उतारावर आणि अरुंद वळणांवर फार आवडलं. हेअरपिनमध्ये मागचा भाग पटकन फिरतो, बाईक कलवायला सोपी, आणि पुढे २९ असल्यामुळे दगडांवरून जाण्याचा धीर तसाच राहतो. पण दिवसभराच्या लांब राइडला, ज्यात चढ जास्त आणि सपाट खडबडीत पट्टे जास्त, तिथे मागचं छोटं चाक प्रत्येक खड्ड्यात थोडं जास्त उतरतं आणि संध्याकाळपर्यंत ते पाठीला जाणवतं. त्यामुळे मी परत दोन्हीकडे २९ वर आलोय आणि तसंच ठेवणार आहे. तुमच्याकडे उतारच उतार असतील, वर जायला गाडी किंवा लिफ्ट असेल तर मिश्र लावा, बिनधास्त. पूर्ण २७.५ मी आज कुणाला सुचवीन? ज्यांना उड्या मारायच्यात, बाईक हवेत फिरवायचीये, ट्रॅकवर खेळायचंय, आणि ज्यांची उंची खरंच कमी आहे त्यांना, आणि त्यांनी कुणाचंही ऐकून लाजत २९ घेऊ नये.

टायरवर वेगळं लिहावं एवढा विषय आहे पण मुख्य मुद्दा सांगतो. रिममध्ये ग्रॅम वाचवायला जीव काढतात आणि टायरमध्ये डोळे मिटून उचलतात, हे अगदी उलटं आहे. त्याच २९ बाय २.४ मापात शर्यतीचा पातळ टायर सातशे-साडेसातशे ग्रॅमला मिळतो, ट्रेलचा नऊशे ते हजारला, आणि डाउनहिलच्या जाड केसिंगचा (टायरच्या भिंतीचा) बाराशेच्या वर. एका टायरमध्ये पाचशे ग्रॅमचा खेळ, तोही अगदी बाहेरच्या कडेला, माझ्या दोन्ही रिममध्ये मिळून वाचलेल्या वजनाच्या जवळपास दुप्पट. म्हणजे मग सगळ्यात हलका टायर लावायचा का? अजिबात नाही. पातळ केसिंगला प्रेशर जास्त ठेवावं लागतं नाहीतर दगडावर रिम आपटते, आणि प्रेशर वाढवलं की टायर दगडांवर उसळतो, पकड जाते, म्हणजे हलकं चाक घेऊन सस्पेन्शनमध्ये जे कमावलं ते तिथेच घालवलं. मी पुढे ९५० ग्रॅमचा ठेवलाय आणि मागे त्याच्यापेक्षा जाड केसिंगचा ११०० चा, कारण आपलं वजन मागे जास्त असतं आणि मार मागच्या चाकाला जास्त बसतो, तर दिशा पुढचं चाक ठरवतं, म्हणून हलकं असण्याचा फायदाही पुढेच जास्त. प्रेशर पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय. तुमचं वजन वेगळं असेल तर आकडा वेगळा येईल, पण पुढे मागच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी हे बहुतेकांना जमतं. ३० मिमी रिमचा उपयोग इथे होतो, टायरच्या भिंती सरळ उभ्या राहतात, एवढ्या कमी प्रेशरलाही वळणात टायर दुमडत नाही. जुनी रिम २५ ची होती आणि तिच्यावर हेच टायर २१ वर ठेवले की वळणात लुळे पडायचे.

आता ह्या विशिष्ट चाकांचं. हब ५४ पॉइंटचा आहे, म्हणजे एका फेऱ्यात ५४ ठिकाणी पकड घेतो, आणि पॅडल मारल्यावर पावणेसात अंशांत पकड घेतो, जुन्यात २४ होते, म्हणजे १५ अंश. वर सांगितलेल्या पायरीवर, जिथे पॅडल पूर्ण फिरवायला जागा नसते आणि अर्धं मागे अर्धं पुढे असं करत जावं लागतं, तिथे हा फरक वजनाच्या फरकापेक्षा जास्त कामाचा निघाला, पाय हवेत न जाता लगेच चेन ओढते. १०० च्या वर पॉइंट असलेले हबही मिळतात पण मला ५४ पुरेसे आहेत. आवाज मध्यम आहे, पुढच्या माणसाला घंटी वाजवावी लागत नाही एवढा.

रिम ताठ आहे, मागच्या रिमला एक छोटा पोचा आलाय पण हवा धरतेय, अॅल्युमिनियमचा हा फायदा, वाकते पण फुटत नाही आणि पकडीने जागेवर आणता येते. तक्रार टेपची. फॅक्टरीतून लावून आलेली टेप रिमच्या मधल्या खाचेत नीट बसलेली नव्हती, कडेला हवेचे फुगे दिसत होते, आणि मागच्या टायरमधली हवा रात्रीत अर्धी व्हायची. सगळी काढली, रिम स्पिरिटने पुसली, रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिमी रुंद टेप ताणून दोन फेरे लावली, ट्यूब घालून एक दिवस फुगवून ठेवली, मग सीलंट टाकलं. त्यानंतर काही त्रास नाही. एवढ्या चांगल्या चाकांवर असं काम यायला नको होतं.

स्पोकचंही बघत जा. नवीन चाकांचे स्पोक पहिल्या काही राइड्समध्ये बसतात आणि थोडे सैल होतात, ह्या चाकांचेही झाले, पुढच्यात कमी आणि मागच्यात कॅसेटच्या (मागच्या दातेरी गिअरचक्रांच्या) उलट बाजूला जास्त, कारण त्या बाजूला मुळातच टेन्शन कमी असतं. शेजारचे दोन-दोन स्पोक चिमटीत धरून दाबत चाकभर फिरायचं, एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा मऊ लागली तर तिच्यावर पाव फेरा, मग पुन्हा सगळीकडे हात फिरवायचा. मी आता दर वेळी बाईक धुतली की ती वाळेपर्यंत हेच करतो.